ताप आधी कुणाला आला?

सिकंदराबादजवळच्या तारनाक्याच्या श्रीनिधी अपार्टमेंटमध्ये दहा फ्लॅट आहेत. ऑगस्टच्या पहिल्या दहा दिवसांत त्यातल्या सात घरांत ताप येऊन गेला. दरवर्षी पावसाळ्यात येतो तोच फ्लू. दोन दिवस अंग मोडून निघतं, चार दिवस खोकला, आणि पुढे आठवडाभर माणूस भेटेल त्याला आपण कसे वाचलो ते सांगत सुटतो. यात नवल काही नव्हतं. पण दहा तारखेला, रविवारी सकाळी, सोसायटीचे सेक्रेटरी विजय देवधर अंथरुणातून उठले आणि त्यांनी पहिलं काम काय केलं, तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाकला. यंदाची साथ तीनशे एक नंबरपासून सुरू झाल्याचं दिसतं, तरी सर्वांनी काळजी घ्यावी.

तीनशे एक म्हणजे एकनाथराव बिरादारांचं घर. घरात ते, पत्नी सावित्रीबाई, मुलगा युवराज आणि सून रेणू. सावित्रीबाईंना दोन तारखेला, शनिवारी, ताप आला होता हे खरं. आदल्या दिवशी त्या लिफ्टमध्ये शिंकल्या होत्या हेही खरं, कारण तेव्हा लिफ्टमध्ये स्वतः विजयच होते.

एकनाथरावांचा फोन बटणांचा. निरोप त्यांना रेणूनं वाचून दाखवला, आणि वाचून झाल्यावर आपण हे का केलं असं तिला वाटलं. कारण पुढच्या रविवारी घरी सत्यनारायण होता आणि सगळ्या बिल्डिंगला आमंत्रण गेलेलं होतं. दुपारपर्यंत तीन घरांतून निरोप आले. एकाला अचानक वारंगलला जायचं होतं, एकाकडे पाहुणे येणार होते, आणि तिसऱ्यांनी काही कारण न देता, प्रसाद दारातच ठेवून बेल वाजवली तरी चालेल, असं कळवलं.

हे तिसरं एकनाथरावांना लागलं.

ते रेल्वेत कंट्रोलर होते. चौतीस वर्षं सिकंदराबादच्या एका खोलीत बसून त्यांनी गाड्या चालवल्या होत्या. समोर टेबलाएवढा कागद, डावीकडे वरून खाली स्टेशनांची नावं, वरच्या बाजूला तास, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. गाडी कुठून निघाली, कुठं थांबली, कुणामुळे रखडली, सगळं त्या कागदावर दिसतं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी घरातल्या कुणाला उशीर झाला की ते कारण लेखी मागत.

"लिफ्टमधली शिंक शुक्रवारची," ते रेणूला म्हणाले. "त्या विजयला ताप आला बुधवारी. पाच दिवस गाडी कुठं उभी होती?"

"मामा, सोडून द्या ना," रेणू म्हणाली. ती सासऱ्यांना मामा म्हणे.

"गाडी मधल्याच स्टेशनात उगवत नसते. आधीच्या स्टेशनातून यावी लागते. आपल्या आधी कुणाला तरी ताप आलेला असणार. तो शोधायचा."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना त्यांनी विचारून घेतलं. लागण झाल्यापासून ताप यायला साधारण दोन दिवस, फार तर चार, असं डॉक्टर म्हणाले. एवढं एकनाथरावांना पुरेसं होतं. युवराजच्या जुन्या कॅलेंडरची चार मोठी पानं त्यांनी उलटी करून डिंकानं जोडली. स्टेशनांच्या जागी फ्लॅटचे नंबर लिहिले, तासांच्या जागी तारखा. आणि सोमवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते वही घेऊन बाहेर पडले.

"काय करलालाव तुम्ही?" सावित्रीबाई खोकत म्हणाल्या. "लोकाच्या घरी जाऊन ताप विचारलालाव?"

"ताप नाही. तारीख," एकनाथराव म्हणाले.

पहिले दोन दिवस त्यांना एकच गोष्ट कळली, ती म्हणजे माणसं कंट्रोलरशी जेवढं खोटं बोलत नाहीत तेवढं शेजाऱ्याशी बोलतात. ताप कधी आला हे सगळे सांगत. थर्मामीटरच्या आकड्यासकट सांगत. पण त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस कुठं होता, असं विचारलं की सगळी बिल्डिंग घरीच होती. कुणी कुठं गेलेलं नव्हतं, कुणाकडे कुणी आलेलं नव्हतं. सात घरांत ताप जसा काही नळातून आला होता. एकनाथरावांची चिडचिड व्हायला लागली. चार्टवर सात स्टेशनं होती आणि रेघ एकही नव्हती.

त्यातल्या त्यात वॉचमन यादगिरी सरळ निघाला. त्याला चार तारखेला, सोमवारी, ताप आला होता, आणि तापातही तो गेट सोडून कुठं गेला नव्हता. गेटजवळच्या खोलीत कोण कोण येतं असं विचारल्यावर त्यानं बोटं मोजली. दूधवाला, पेपरवाला, सकाळी चहा घेऊन येणाऱ्या सावित्रीअम्मा. आणि सेक्रेटरीसाब.

"साब रोज शाम को मेरे कने बैठते," यादगिरी म्हणाला. "एक सिगरेट पीते, इलायची खाते, ऊपर जाते. पाँच तारीख को मैंने बोला भी, साब, मेरे को बुखार है, दूर बैठो. बोले, कुछ नहीं होता."

एकनाथरावांनी वहीत लिहिलं आणि तडक एकशे एकची बेल वाजवली. आपण काही चहाडी करतो आहोत हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं. त्यांना एक रेघ सापडली होती. विजय सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते आणि त्यांची बायको उषा मटार सोलत होती. विजयनं तीन वर्षांपूर्वी सिगारेट सोडली हे उषानं पुण्याच्या माहेरापासून तारनाक्याच्या भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलेलं होतं.

"तुम्ही शिंकेचं बोलला होता, ते चुकीचं आहे," एकनाथराव म्हणाले. "यादगिरीच्या खोलीत रोज संध्याकाळी तुमचा वीस मिनिटं हॉल्ट असतो. पाच तारखेलाही होता. लिहून टाकू ना?"

उषाचे हात थांबले. कसला हॉल्ट, असं तिनं विचारलं. एकनाथरावांनी सविस्तर सांगितलं, वेलदोड्यासकट. निघताना दार त्यांच्या मागे जरा जोरात लागलं, पण ते वाऱ्यानं असेल असं त्यांना वाटलं. घरी येऊन त्यांनी पट्टी लावून यादगिरीपासून एकशे एकपर्यंत लाल रेघ ओढली आणि रेणूकडे चहा मागितला.

दुसरी रेघ बुधवारी सापडली. दोनशे दोनमधली शिल्पा अंबरपेठेच्या एका शाळेत शिकवत असे. तिला तीन तारखेला ताप आला होता. ती सासूबाईंसमोर ठामपणे म्हणाली की शाळा सोडून ती कुठं जात नाही, आणि शाळेत कुणी आजारी नव्हतं. सासूबाईंनीही दुजोरा दिला. शिल्पा शाळेतून आली की वर्गातल्या वह्या बाजूला ठेवून आधी भाकऱ्या थापते, आणि अशा गोल, पातळ भाकऱ्या आमच्या नांदेडातसुद्धा बघायला मिळत नाहीत, असं त्या नेहमीप्रमाणे म्हणाल्या. त्यांचे गुडघे दुखत, त्यामुळे स्वयंपाकघरात त्या जात नसत.

बुधवारी संध्याकाळी एकनाथराव घड्याळाचा सेल बदलायला अंबरपेठेत गेले होते. चौकात एक बाई गाडीवर ज्वारीच्या भाकऱ्या भाजत होती आणि मधूनमधून पदरात खोकत होती. खोकला ऐकून एकनाथराव थांबले. आता कुणीही खोकलं की ते थांबत. त्यांनी आपल्या मोडक्या तेलुगूत विचारपूस केली. ताप तीस तारखेला आला होता. आणि तारनाक्याच्या टीचरम्मा रोज संध्याकाळी आठ भाकऱ्या गरम गरम बांधून नेतात, त्यासुद्धा परवापर्यंत आजारी होत्या, बिचाऱ्या, असं बाई म्हणाली.

शिल्पाच्या सासूबाई त्यांना जिन्याजवळच भेटल्या. एकनाथरावांना राहवलं नाही. कनेक्शन मिळालं, असं ते म्हणाले, आणि मिळालेलं सगळं त्यांनी सांगून टाकलं.

त्या रात्री दोनशे दोनमध्ये कुणी जेवलं नाही म्हणे. सकाळी शिल्पानं रेणूसाठी लिफ्ट थांबवली नाही. रेणूला बघून तिनं बटण दाबलं, आणि दार बंद होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिली. उषानं उसनी नेलेली इडलीची भांडी यादगिरीच्या हातून परत पाठवली. यादगिरीचीही तक्रार होती. सेक्रेटरीसाब आता गेटवरून जाताना त्याच्याकडे बघत नव्हते आणि वर तो खोलीत काय काय करतो याची चौकशी लावली होती.

"मामा, आता प्रसाद दारात ठेवायचीसुद्धा सोय राहिली नाही," रेणू म्हणाली. ती सहसा सासऱ्यांशी चढ्या आवाजात बोलत नसे. आताही बोलली नाही, पण हातातलं पातेलं तिनं ओट्यावर ज्या तऱ्हेनं ठेवलं त्यात सगळं आलं. "आधी फक्त आपल्याला ताप होता. आता आपणच सगळ्यांना ताप झालोय."

एकनाथरावांना हे पटलं नाही. शुक्रवारी, पंधरा ऑगस्टला, झेंडावंदनानंतर सोसायटीची मीटिंग होती. तिथं चार्ट भिंतीवर लावला की सगळं आपोआप मिटेल असं त्यांचं म्हणणं होतं. अडचण एकच होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. सगळ्या रेघा जोडल्यावर चार्टवर सगळ्यात पहिलं स्टेशन तीनशे एकच राहत होतं. शिल्पाचा ताप अंबरपेठेहून आलेला, पण तो तीन तारखेचा. एका दिवसानं हुकला होता. आणि यादगिरीच्या आधी त्याच्या खोलीत आजारी असं एकच माणूस गेलेलं होतं. सावित्रीअम्मा, चहा घेऊन.

मग सावित्रीकडे ताप कुठून आला?

ती गुरुवारची दुपार होती. सावित्रीबाई, आता बरं वाटतंय म्हणून, काचीगुड्याला भजनाला गेल्या होत्या. दर गुरुवारी जात. एकतीस जुलैलाही गुरुवारच होता. एकनाथरावांनी बोटानं दोन दिवस मोजले आणि त्यांना हायसं वाटलं. भजनी मंडळात कुणी तरी आजारी असणार. म्हणजे तीनशे एक हे सुरुवातीचं स्टेशन नव्हे, मधलं. त्यांनी टेलिफोनच्या वहीतून मंडळाच्या प्रमुख बाईंचा नंबर काढला आणि एकतीस तारखेला कोण कोण खोकत होतं असं विचारलं.

प्रमुख बाई म्हणाल्या की गुढीपाडव्यापासून भजन बंद आहे. पेटीवाल्या बाई मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेल्यात. सावित्रीबाईंना माझा नमस्कार सांगा, फार दिवसांत भेट नाही.

सावित्रीबाई साडेपाचला परत आल्या. एकनाथराव चार्टसमोर बसले होते. त्यांच्या हातात पेन होतं, पण टोपण लावलेलं.

"कुठं गेली होतीस?"

सावित्रीबाईंनी पिशवी खुंटीला लावली, पाणी प्यायल्या. त्यांनी एकदा चार्टकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, आणि आता खोटं बोलण्यात अर्थ नाही हे त्यांना कळलं.

"प्रयागच्या घरी," त्या म्हणाल्या.

प्रयाग ही त्यांची धाकटी जाऊ. म्हणजे मुकुंदरावांची बायको. आणि मुकुंदराव म्हणजे एकनाथरावांचा सख्खा धाकटा भाऊ, ज्याच्याशी ते नऊ वर्षं बोलले नव्हते. मुकुंदरावांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत एकनाथरावांचं नाव मुलाच्या मामांच्या खाली छापलं गेलं होतं. मुकुंदराव म्हणाले, छापणाऱ्याची चूक. एकनाथराव म्हणाले, प्रूफ कुणी वाचलं? यापुढे संभाषण गेलं नव्हतं.

"किती दिवस जातीस?"

"नऊ वर्षं झाली. आधी भजन करून जायची. आता सरळच जाते."

"युवराजला माहीत आहे?"

सावित्रीबाईंची नजर स्वयंपाकघराकडे गेली. एकनाथरावांनीही तिकडे बघितलं. रेणू कुकरच्या शिट्टीकडे फार लक्ष देऊन पाहत होती. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की दिवाळीला घरात जे अनारसे येत आणि कॉलनीतल्या बाईकडून घेतले म्हणून सांगितले जात, ते कुणाचे होते. दरवर्षी ते चार-चार खाऊन कॉलनीतल्या बाईला नावाजत आले होते.

"मुकुंदभावजींना ताप होता," सावित्रीबाई सावकाश म्हणाल्या. "एकतीस तारखेला मी गेले तेव्हा झोपून होते. काढा करून दिला."

एकनाथरावांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी सगळ्यात वर, तीनशे एकच्याही वर, रिकाम्या जागी 'काचीगुडा' लिहिलं. पट्टी लावून तिथून तीनशे एकपर्यंत रेघ ओढली.

शुक्रवारी झेंडा लावून झाला, बुंदीचे लाडू वाटून झाले, आणि पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून मीटिंग भरली. एकनाथराव चार्टची गुंडाळी घेऊन पहिल्या रांगेत बसले. साथ आपल्याच घरातून सुरू झाली हे कबूल करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. कंट्रोलच्या माणसानं चार्टात खाडाखोड करायची नसते. रेणूनं सकाळपासून तीनदा विनवलं होतं, पण ते ऐकले नाहीत.

ते उभे राहिले आणि गुंडाळीचा दोरा सोडायला लागले. तसे सगळ्या खुर्च्यांवरचे चेहरे एकदम बदलले. विजयनं उषाकडे पाहिलं. शिल्पाच्या सासूबाईंनी पदर सावरला. ज्यांना रविवारी अचानक वारंगलला जायचं होतं ते गृहस्थ खुर्चीत खाली सरकले.

"एक मिनिट, काका," विजय घाईनं म्हणाले. "त्याआधी एक ठराव घेऊ. यंदाचा फ्लू हवेतून आला. सगळीकडेच आलाय. यात कुठल्याही फ्लॅटचा संबंध नाही."

शिल्पाच्या सासूबाईंनी लगेच अनुमोदन दिलं. भाकरीच्या प्रकरणानंतर सून आणि त्या पहिल्यांदाच एका मताच्या झाल्या होत्या. बाकी नऊच्या नऊ घरांचे हात वर गेले.

"पण मला कबूल करायचंय की..." एकनाथराव म्हणाले.

"काही कबूल करू नका, काका," विजय जवळजवळ हात जोडून म्हणाले. "आम्ही सगळे रविवारी प्रसादाला येतोय. तो कागद फक्त बांधून ठेवा."

अशा तऱ्हेनं आयुष्यात पहिल्यांदाच एकनाथराव खरं सांगायला उभे राहिले आणि सभेनं एकमतानं त्यांना बसवलं. त्यांना फार चीड आली. घरी येऊन त्यांनी जेवण केलं, चार्ट पिशवीत घातला आणि चपला घातल्या.

"भांडायला जाऊ नका," सावित्रीबाई म्हणाल्या.

"भांडायला नाही. काचीगुड्याची तारीख लिहायची राहिलीय. त्याला ताप कधी आला ते तू विचारलंच नाहीस."

मग सावित्रीबाईही निघाल्या. बसमध्ये एकनाथरावांनी चार्टची पिशवी मांडीवर धरून ठेवली होती.

दार मुकुंदरावांनीच उघडलं. नऊ वर्षांत त्यांचे केस पांढरे झाले होते. दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. एकनाथरावांनी जे बोलायचं ठरवलं होतं तेवढंच ते बोलले.

"तुला ताप कधी आला?"

"एक तारखेला संध्याकाळी," मुकुंदराव म्हणाले. ते रेल्वेच्या टपालात होते, पत्रं वर्गवार लावण्यात हयात गेलेली. तारखेला ते चुकत नसत.

"एक? एकतीसला झोपून होतास म्हणे."

"झोपलो होतो. ताप नव्हता. किंचित कणकण होती. ताप नंतर आला. वहिनी आल्या तेव्हा त्याच शिंकत होत्या." मुकुंदराव थांबले. "मला तर वाटतं, दादा, ताप तुमच्याकडून आला."

एकनाथराव आत आले. आत यायचं की नाही हे बसमध्ये त्यांनी ठरवलेलं नव्हतं, पण पुराव्यासाठी आत जाणं भाग होतं. मुकुंदरावांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. त्यावर त्यांनी दिवसातून तीनदा ताप लिहून ठेवला होता, सकाळ-दुपार-रात्र, वेगवेगळ्या शाईत. एकनाथरावांनी चार्ट जमिनीवर पसरला आणि कोपऱ्यांवर चपला ठेवायला निघाले, तेव्हा प्रयागबाईंनी चार वाट्या आणून दिल्या. एकतीस तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात 'कणकण' असं लिहिलेलं होतं.

"हे काय आहे?" एकनाथराव बोट ठेवून म्हणाले. "गाडी इथं निघाली."

"कणकण म्हणजे ताप नव्हे, दादा."

"मग काय आहे?"

"कणकण वांग्यानंही येते."

यावर दोघांचा आवाज चढला. कणकण ही तापाची सुरुवात समजायची की वेगळा प्रकार, एका दिवसात लागण होऊन ताप येऊ शकतो का, काढा देताना वहिनी किती जवळ बसल्या होत्या, शिंक धुळीची होती की सर्दीची. मुकुंदराव म्हणाले, तुम्ही लहानपणापासून माझ्यावरच ढकलता. एकनाथराव म्हणाले, तू लहानपणापासून प्रूफ वाचत नाहीस. शेजारचे एक गृहस्थ दारातून डोकावून गेले. स्वयंपाकघरात दोघी जावा पाटावर बसून लसूण सोलत होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या, कारण बघितलं असतं तर हसू आलं असतं.

दोन तासांनी चहा झाला, मग पुन्हा एक तास वाद झाला. निकाल लागला नाही. साडेसातला एकनाथराव चार्ट गुंडाळून, तणतणत बाहेर पडले.

घरी रेणू काळजीत बसून होती. सासऱ्यांचा चेहरा लाल दिसला म्हणून तिनं हळूच सासूबाईंना विचारलं, काय झालं.

"अडेलतट्टू माणूस," एकनाथरावांनीच उत्तर दिलं. "स्वतःच्या हातानं लिहिलेलं कबूल करत नाही. उद्या पुन्हा जावं लागणार. डॉक्टरांना विचारून जातो. आणि रविवारी तो इथं येतोय. पूजेला नाही, सांगून ठेवतो. चार्ट उजेडात बघायचाय म्हणाला."

ते हात-पाय धुवायला गेले. आतून बराच वेळ त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं.

सावित्रीबाईंनी साडीचा पदर खोचला आणि रव्याचा डबा खाली काढून हलवून पाहिला.

"रेणू," त्या म्हणाल्या, "सव्वा किलोचा शिरा पुरायचा नाही. अडीच किलो रवा आणून ठेव."